जेनी हीरले पानी: गरोदरपणाच्या गोळ्यांवरचं संशोधन कसं तपासायचं

अमळनेरला आमच्या मेडिकलवर संध्याकाळी सहाच्या सुमारास गर्दी होते. बाजाराला आलेली खेड्यांवरची माणसं शेवटची एसटी पकडायच्या आधी औषधं घेऊन जातात. अशाच गर्दीत एका तरुण शेतकऱ्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाऊ, हाई गोयी चांगली शे का?" व्हॉट्सॲपवर एका डबीचा फोटो होता आणि खाली मजकूर: ही गोळी घेणाऱ्या आयांची मुलं हुशार निघतात, परदेशी विद्यापीठाच्या संशोधनात सिद्ध. बायकोला तिसरा महिना लागलेला, आणि गोळीचा खर्च महिन्याला बाराशे रुपये.

मी त्यालाच उलट विचारलं, "गावात कंपनीवाले कपाशीच्या टॉनिकचा डेमो प्लॉट घेतात, तो कोणाच्या शेतात घेतात?"

तो हसला. "जेनी हीरले पानी, तेना वावरमा."

ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्या वावरात. संशोधन तपासण्यातला सगळ्यात अवघड भाग त्याला आधीच कळलेला होता. पुढे जे लिहितोय ते त्याच्यासारख्यांसाठी आहे: घरात कोणाला दिवस गेले आहेत, रोज नवा मेसेज येतो आणि खरं काय ते कळत नाही. नव्या आशाताईंनाही उपयोग होईल. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. हे वाचून कोणी चालू गोळी परस्पर बंद करू नये, आणि नवी सुरूही करू नये.

आधी मूळ कागद शोधा

"संशोधनात सिद्ध" या दोन शब्दांना काही किंमत नाही. कोणी केलं, कोणत्या साली, कोणत्या नियतकालिकात छापलं, या तीन गोष्टी मेसेजमध्ये नसतील तर तिथेच थांबा. असतील तर मोबाईलवर पबमेड उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही फुकट यादी आहे. इंग्रजीत गोळीतल्या घटकाचं नाव आणि साल टाकलं की बहुतेक लेखांचा सारांश वाचायला मिळतो. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा. सारांश जेमतेम पानभर असतो.

पहिल्या दोन ओळींतच बरेच मेसेज गळतात, कारण अभ्यास उंदरांवर केलेला असतो. उंदरांवरचा अभ्यास वाईट नसतो, पण त्यावरून आपल्या बायकोची गोळी ठरत नाही. काही "संशोधनं" नुसती परिषदेत वाचलेली भाषणं असतात, ती पुढे कधी छापूनच येत नाहीत. लेख मागे घेतला असेल तर पबमेड तसं ठळक दाखवतं, तेही बघून घ्या.

मग विचारा: तुलना कोणाशी?

या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

डेमो प्लॉटचंच बघा. टॉनिक फवारलेल्या शेतात कापूस जास्त निघाला, हे खरंच असतं, कोणी खोटं बोलत नाही. पण त्या शेतकऱ्याकडे काळी जमीन आहे, ठिबक आहे, विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी आहे. टॉनिक न फवारता त्याचा कापूस किती झाला असता, हे कोणी मोजलेलं नसतं. गरोदरपणाच्या गोळ्यांचंही असंच आहे. स्वतःहून गोळी विकत घेणारी बाई बहुधा जास्त शिकलेली असते. तिच्याकडे पैसे असतात, तपासण्या वेळेवर होतात, घरात तंबाखूचा धूर कमी असतो. तिचं मूल सुदृढ निघालं तर श्रेय गोळीचं की विहिरीचं?

अशा अभ्यासाला निरीक्षणात्मक म्हणतात. संशोधक गोळी देत नाहीत, कोण घेतं आणि कोण घेत नाही ते फक्त नोंदवतात. २०१३ मध्ये नॉर्वेतला असा एक अभ्यास अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात ८५,१७६ मुलं होती. गर्भधारणेच्या आसपास फोलिक ॲसिड (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिस्टिक डिसऑर्डरचं प्रमाण ०.१० टक्के आढळलं, न घेतलेल्यांच्या मुलांत ०.२१ टक्के. या संशोधकांचं मला कौतुक वाटतं, कारण आपल्या अभ्यासातली विहीर त्यांनी स्वतःच शोधायचा प्रयत्न केला. फोलिक घेणाऱ्या बायका जशा शिकलेल्या, काळजी घेणाऱ्या होत्या, तशाच माशाच्या तेलाच्या गोळ्या घेणाऱ्याही होत्या. सगळी किमया विहिरीची असती तर माशाच्या तेलामुळेही तसाच फरक दिसला असता. तो दिसला नाही. एवढं करूनही आपल्या अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. मेसेजमध्ये मात्र तोच अभ्यास "फोलिकने ऑटिझम टळतो" असा होऊन येतो.

विहीर काढून टाकायचा पक्का उपाय एकच: चिठ्ठ्या टाकायच्या. कोणाला खरी गोळी आणि कोणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली, हे बाईने ठरवायचं नाही आणि डॉक्टरनेही नाही. चिठ्ठी ठरवेल. मग पाणीवाल्या विहिरी दोन्ही बाजूंना साधारण सारख्या वाटल्या जातात. गंमत म्हणजे ही युक्ती दवाखान्यातून आलेली नाही, शेतीतून आली आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे नशिबावर सोडायची शिस्त घातली. डॉक्टर लोक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तिच्याकडे वळले.

सारांशात "रँडमाइज्ड" हा शब्द शोधा. त्याच्या आसपास "डबल ब्लाइंड" असेल तर आणखी चांगलं. याचा अर्थ, कोणाची गोळी खरी हे घेणारीलाही माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही.

तुलनेत आणखी एक गोम आहे. आपल्याकडे गरोदर बाईला उपकेंद्रातून लाल गोळी फुकट मिळते. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस, रोज एक, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तेव्हा महागड्या गोळीची तुलना "काहीच न घेणाऱ्या" बाईशी केली असेल तर ती आपल्या कामाची नाही. तुलना लाल गोळीशी हवी. बांगलादेशात ४४ हजारांहून जास्त गरोदर बायकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात नेमकं तेच केलं. एका गटाला लोह-फोलिक, दुसऱ्याला १५ जीवनसत्त्वं-खनिजांची गोळी. २०१४ मध्ये निकाल आला. बहुघटक गोळीच्या गटात कमी वजनाची आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं कमी होती, पण सहा महिन्यांच्या आतल्या बालमृत्यूंत ठाम म्हणता येईल असा फरक पडला नाही. जाहिरातवाल्याला यातलं पहिलं अर्धं वाक्य पुरतं. तुम्ही पूर्ण वाक्य वाचा.

बायका किती यापेक्षा घटना किती

"हजारो महिलांवर संशोधन" वाचून दबून जाऊ नका. फोलिकचं आजचं स्थान ज्या अभ्यासांवर उभं आहे त्यांतला पहिला मोठा म्हणजे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा, १९९१ चा. आधीच्या बाळाच्या मेंदू-मणक्यात जन्मजात व्यंग असलेल्या १,८१७ बायका, ७ देशांतली ३३ केंद्रं. निकाल कळलेल्या १,१९५ गर्भारपणांत व्यंगाची बाळं एकूण २७. फोलिक घेतलेल्या गटांत ६, न घेतलेल्यांत २१. म्हणजे निकाल ठरलाय तो या २७ घटनांवर, १,८१७ बायकांवर नाही. इथे चिठ्ठ्या टाकलेल्या होत्या आणि फरक ७२ टक्के इतका ठसठशीत होता, म्हणून तेवढ्या घटना पुरल्या. पुढच्या वर्षी हंगेरीत, आधी असं बाळ न झालेल्या बायकांवर, फोलिकसह जीवनसत्त्वं देऊन पाहिलं: गोळीच्या गटात एकही बाळ नाही, दुसऱ्या गटात ६. त्यानंतर १९९९ मध्ये चीनचा अभ्यास आला. त्यात चिठ्ठ्या नव्हत्या, पण जवळजवळ अडीच लाख बायका होत्या. जिथे हे व्यंग मुळातच जास्त होतं त्या उत्तर भागात हजारी ४.८ चं प्रमाण १.० वर आलं, दक्षिणेत १.० चं ०.६ वर.

तीन वेगवेगळे अभ्यास, प्रत्येकात काही ना काही उणं, आणि उत्तर एकाच दिशेला. विश्वास ठेवावा तर अशा ढिगावर.

यातली एक बाब अगदी घरगुती उपयोगाची. गर्भाचा मेंदू आणि मणका जिच्यातून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. म्हणून फोलिक गर्भ राहायच्या आधीपासून घ्यायला सांगतात. "पाचव्या महिन्यात फोलिक सुरू केलं, काही फरक दिसला नाही" असा अभ्यास सापडला तर त्याने व्यंगाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पाऊस येऊन गेल्यावर छत्री उघडल्यासारखं ते आहे.

एकट्या अभ्यासावर पेरणी करू नका

पहिल्या पावसाला भुलून पेरणी केलेली आणि मग पंधरा दिवस आभाळाकडे बघत बसलेली माणसं आपण पाहिली आहेत. संशोधनात हे फार वेळा घडतं.

१९९९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी २८३ बायकांवर प्रयोग केला. या बायकांना प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका जास्त होता, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून लघवीतून प्रथिनं जाणं. त्यांना क आणि ई जीवनसत्त्व भरपूर दिलं. गोळीच्या गटात हा आजार ८ टक्के, दुसऱ्या गटात १७ टक्के. चिठ्ठ्या टाकलेल्या, नामांकित नियतकालिकात छापलेला, आजार थेट निम्म्यावर. त्या वर्षी मी दुकानात असतो तर छाती ठोकून सांगितलं असतं, घ्या ताई.

पुढे त्याच गटातल्या संशोधकांनी मोठा प्रयोग केला. २,४१० बायका, निकाल २००६ मध्ये. आजार एका बाजूला १५ टक्के, दुसऱ्या बाजूला १६. फरक जवळजवळ शून्य. उलट जीवनसत्त्व घेतलेल्यांत कमी वजनाची बाळं जास्त निघाली, २८ टक्क्यांच्या समोर २४. पहिल्या अभ्यासात लबाडी नव्हती. तो लहान होता, आणि त्याचा मुख्य हेतू रक्तातल्या काही दर्शकांत बदल होतो का हे पाहण्याचा होता. आज जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवत नाही.

अ जीवनसत्त्वाची कथा अशीच. नेपाळात १९९९ मध्ये मातामृत्यू ४४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. घानात आणि बांगलादेशात तेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं, तर २०१० आणि २०११ मध्ये उत्तर आलं: फरक नाही.

तर चांगली बातमी वाचली की त्याच विषयावर दुसरा अभ्यास शोधा. त्याहून सोपं म्हणजे कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा शोधा. एका प्रश्नावरचे सगळे प्रयोग गोळा करून, त्यांची प्रत तपासून हे लोक एकत्र निष्कर्ष काढतात. साध्या भाषेतला गोषवाराही देतात.

टक्के कशाचे?

बाजारात "अर्ध्या किमतीत" ऐकलं की आपण आधी मूळ किंमत विचारतो. इथेही विचारा. नॉर्वेच्या आकड्यांत ०.२१ चं ०.१० झालं, म्हणजे "निम्मं". पण दर हजार मुलांमागे फरक एका मुलाचा. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ वर कॉक्रेनचा २०१८ चा आढावा आहे, त्यात ७० प्रयोग. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.४ टक्क्यांवरून ११.९ वर आली. जाहिरातीत हे "११ टक्के घट" होतं, प्रत्यक्षात हजारांत १५ बाळंतपणं. ती १५ बाळं कमी मोलाची आहेत असं मी म्हणत नाही. पण महिना बाराशे मोजायचे का, हे ठरवायला दुसरा आकडा लागतो.

मोजलं काय?

एमआर लोकांची, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची, चकचकीत पत्रकं आमच्याकडे ढिगाने पडून असतात. त्यांतला लाडका आलेख म्हणजे "रक्तातली पातळी वाढली". गोळी खाल्ली तर रक्तात ती वाढणारच! आईला किंवा बाळाला त्याचं काय झालं, हा प्रश्न उरतोच. मुलं हुशार होण्याच्या दाव्याचंच घ्या. ऑस्ट्रेलियात २,३९९ बायकांवर डीएचएचा (माशाच्या तेलातलं एक ओमेगा-३) प्रयोग झाला, रोज ८०० मिलिग्रॅम. दीड वर्षाच्या मुलांची बुद्धी आणि भाषा तपासली, २०१० मध्ये निकाल छापला: दोन्ही गटांच्या सरासरीत फरक नाही. त्या शेतकऱ्याच्या मोबाईलमधल्या डबीवर डीएचए २०० मिलिग्रॅम होतं. अभ्यासातला डोस आणि डबीवरचा डोस शेजारी ठेवून बघायची सवय लावा. डबी उलटी केली की बारीक अक्षरांत सगळं असतं.

डोसचा हा हिशेब फोलिकलाही लागतो. बाजारात ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. सर्वसाधारण बाईला सुचवलेलं प्रमाण ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही गोळी साडेबारापट. १९९१ च्या अभ्यासातले ४ मिलिग्रॅम आधी व्यंगाचं बाळ झालेल्या बायकांसाठी होते. मोठा डोस कोणाला लागतो हे डॉक्टर ठरवतील, काउंटर नाही.

आणखी एक पळवाट ओळखायला शिका. वीस गोष्टी मोजल्या तर एखादी निव्वळ योगायोगाने चांगली दिसतेच, आणि मग तीच मथळ्यात येते. म्हणून प्रयोग सुरू व्हायच्या आधी काय मोजणार ते जाहीर करायचा नियम आहे. भारतात त्यासाठी सीटीआरआय ही नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषधांच्या प्रयोगांची नोंद सक्तीची आहे. ती कोणालाही उघडून बघता येते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ देऊन पाहिला, त्याचा निकाल २०१४ चा. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर जन्मवजनात ठाम फरक नाही. निदान तीन महिने आधी सुरू केलेल्यांत ४८ ग्रॅमची वाढ. संशोधकांनी दोन्ही आकडे मांडले. दुसराच तेवढा उचलून कोणी तुमच्यापुढे नाचवला तर पहिला मागा.

पैसे कोणी दिले हे लेखाच्या शेवटी लिहिलेलं असतं. गोळी बनवणाऱ्याने दिले म्हणून लेख फेकू नका, वरचे प्रश्न जरा जास्त कडकपणे विचारा, एवढंच.

आमच्या खान्देशाला लागू होतं का?

जगात कुठेही नीट झालेला अभ्यास इथे तसाच बसेल असं नाही. अभ्यासात कोणाला घेतलंच नाही, ती ओळ शोधून वाचा. नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगावच्या सातपुड्यात, भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आहे. रक्ताचे असे आजार असलेल्यांना लोहाच्या प्रयोगांतून बरेचदा वगळतात. मग त्या निकालावरून सिकलसेलच्या बाईला "रक्त कमी आहे, आयर्न वाढवा" असं सांगता येत नाही. तिथे आधी रक्ताची तपासणी, मग डॉक्टर.

दुसरी बाब बी-१२ ची. आपल्याकडे माळकरी, शाकाहारी घरं पुष्कळ, आणि दुधाचा चहा सोडला तर बऱ्याच सुनांच्या वाट्याला दूध येतच नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला एक गोष्ट दिसली: ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट (रक्तातलं फोलिक) जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, विहिरीचा प्रश्न इथेही लागू. फोलिक सोडा असं यातून निघत नाही. बी-१२ तपासायला हवं का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखा मात्र नक्की निघतो. नॉर्वेच्या अभ्यासातून तो निघाला नसता.

त्या दिवशी त्या शेतकऱ्याला एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता, एसटी लागली होती. ऑस्ट्रेलियाचा निकाल आणि डबीवरचा डोस तेवढा दाखवला. मग विचारलं, उपकेंद्रातून फोलिकच्या गोळ्या आणल्या का? आणल्या होत्या. खाते का? तो जरा घुटमळला. मागच्या खेपेच्या लाल गोळ्याही डब्यातच राहिल्या होत्या, म्हणाला. मळमळ व्हायची, शौचाला काळं व्हायचं, आणि सासू म्हणायची, गोळ्यांनी बाळ काळं होतं.

चीनच्या त्या अभ्यासातला एक तपशील मी वर सांगितला नाही. सगळ्यात मोठा फायदा झाला तो उत्तर भागातल्या अशा बायकांना, ज्यांनी ८० टक्क्यांहून जास्त दिवस गोळी खरोखर गिळली होती.

मी त्याला कागदाचा चिटोरा दिला, लाल गोळी सुरू होईल तेव्हासाठी: रात्री जेवणानंतर एक. चहासोबत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, लोहासोबत नाही. शौच काळी होते ती लोहामुळे, घाबरायचं नाही. बाळाच्या रंगाशी संबंध नाही. शेवटची ओळ त्याने मला मोठ्या अक्षरात लिहायला लावली. सासूला वाचता येतं, म्हणाला.